वरून बाग, खाली मलबा: लँडस्केपिंगचं काम देण्याआधी हे वाचा

नागपुरात बेसा, मनीषनगर, जामठा, गोधनी या सगळ्या बाजूंना सध्या प्लॉटवर घरं उठताहेत. घर झालं की समोरच्या मोकळ्या जागेत बाग करून देणारे ठेकेदार दारात येतात. त्यांच्यातल्या एकाने आमचे ३,६१,००० रुपये घेतले आणि काम अर्धवट टाकून निघून गेला. अर्धवट म्हणजे काय ते नीट सांगायला हवं, कारण वरून पाहणाऱ्याला आमची बाग पूर्ण झालेलीच दिसायची. जे राहिलं होतं ते सगळं जमिनीखाली होतं. त्याचं नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. पण त्याची पद्धत सांगते. ती ओळखता आली तर तुमचे पैसे वाचतील.

माणूस अतिशय गोड बोलणारा. टॅबवर आमच्याच घराचं चित्र करून आणलं होतं: हिरवंगार लॉन, कडेने पाम, गेटपासून पोर्चपर्यंत पेव्हर ब्लॉक, कोपऱ्यात संत्र्याची दोन झाडं. संत्र्याचा हट्ट सासूबाईंचा. त्या काटोलकडच्या, माहेरी बगीचा होता. "आजी, दोन वर्षांत तुमच्या हातची संत्री खातो न मी," असं म्हणून त्याने त्यांनाही जिंकलं. एकूण अंदाजपत्रक ३,८०,००० रुपयांचं, जीएसटी धरून. त्यात सगळं लिहिलेलं होतं: मलबा काढणे, नऊ इंच लाल माती व शेणखत, हजार चौरस फूट मेक्सिकन लॉन, मुरूम-गिट्टीच्या थरावर ६० मिलिमीटरचे पेव्हर, टायमरसह ठिबक, पाण्याच्या निचऱ्याचा पाइप, झाडं.

आता हप्ते बघा, सगळी मेख तिथेच आहे. ४० टक्के आगाऊ. माती आणि पेव्हर 'साइटवर आल्यावर' ३० टक्के. झाडं 'आल्यावर' २५ टक्के. काम पूर्ण झाल्यावर ५ टक्के. म्हणजे माल गेटातून आत आला की पैसे द्यायचे, तो बसवला की नाही याच्याशी हप्त्याचा संबंधच नाही. शेवटी त्याचे आमच्याकडे उरले १९,००० रुपये. जमिनीखालचं काम करायला त्याहून जास्त खर्च येतो, म्हणून ते १९,००० सोडून जाणं त्याला परवडतं. हा हिशोब त्याने पहिल्याच दिवशी करून ठेवलेला असतो, असं माझं आता ठाम मत आहे.

मार्चअखेरीस झाडांचा ट्रक आला. आंध्रातल्या कडियमच्या नर्सऱ्यांचा माल नागपुरात नेहमीच येतो आणि तो चांगलाही असतो, त्याबद्दल तक्रार नाही. दोन दिवसांत लॉनचं कार्पेट अंथरलं, पाम उभे केले, भिंतीवर टायमरची पांढरी पेटी ठोकली. शेजारपाजारचे बघायला आले. त्याने त्या दिवशी भरपूर फोटो काढले आणि संध्याकाळी तिसरा हप्ता मागितला. अंगण हिरवं दिसत होतं, कागदावर 'झाडं आल्यावर' असं लिहिलेलं होतं, पैसे दिले गेले.

मातीचा हिशोब मात्र तुम्ही स्वतः करा, तो अवघड नाही. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. हजार चौरस फुटांवर नऊ इंच, म्हणजे पाऊण फूट, माती टाकायची तर ७५० घनफूट लागते, साडेसात ब्रास. आमच्या अंदाजपत्रकात आठ ब्रास धरली होती. प्रत्यक्षात चार ट्रॉल्या आल्या आणि तो म्हणाला, "एका ट्रॉलीत दोन ब्रास बसते, मॅडम." पुढे तशीच ट्रॉली शेजारच्या बांधकामावर आली तेव्हा मी टेप लावून मोजली: लांबी नऊ फूट, रुंदी पाच, फळीची उंची दीड. साडेसदुसष्ट घनफूट. एक ब्रासही नाही! चार ट्रॉल्या मिळून २७० घनफूट, म्हणजे हजार फुटांवर जेमतेम सव्वातीन इंच, आणि पाणी पडून बसली की त्याहूनही कमी. शेणखत किती आलं ते विचारूच नका.

एप्रिल सरता सरता लॉन पिवळं पडू लागलं. आधी कडांनी, मग मधे चट्टे. पामच्या पात्या वाळल्या. फोन केला की एकच उत्तर, "तुम्ही पाणी कमी देऊन राहिल्या. नागपूरची गर्मी आहे, मॅडम, सेट व्हायला टाइम लागतेच." नागपूरचा उन्हाळा आम्हाला नवा नाही. पारा ४५ च्या पुढे जातो, नवतप्यात (मेअखेरीचे सर्वांत तापते नऊ दिवस) तर विचारायलाच नको, आणि म्हणूनच इथली जाणती माणसं नवी लागवड पहिल्या पावसानंतर करतात. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर नाजूक गवताचं कार्पेट अंथरणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही. उन्हाळ्यात झाड मेलं की दोष उन्हावर आणि मालकाच्या पाण्यावर टाकता येतो, ही त्याची सोय.

संत्र्याच्या झाडांचं तर फारच वाईट वाटलं. दोन्हीकडे जोमदार फुटवे आले होते, आम्ही खूश. सासूबाईंचा भाऊ आला, त्याने वाकून बुडाशी पाहिलं आणि म्हणाला, "ताई, हे संत्रं नाही. डोळा जळाला आहे, खालची जंबेरी वाढून राहिली." आपल्याकडे संत्र्याचं कलम जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा अंकुर, भरून करतात. डोळा मेला की खुंट वाढतो आणि झाड दिसायला हिरवंच राहतं. कलम घेताना जोड कुठे आहे आणि फूट जोडाच्या वरून आहे का, एवढं बघून घ्या. घरापुरती दोन-चार झाडं हवी असतील तर अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत रोगमुक्त कलमांची चौकशी करा. सासूबाईंनी त्या दिवसापासून त्या कोपऱ्याकडे बघणं सोडलं. पैशांपेक्षा त्याचा मला जास्त राग आहे.

खरी गोष्ट कळली ती मजुरांकडून. मे महिन्यात एका दुपारी ते नवरा-बायको गेटवर आले. आमच्याकडे त्यांनीच काम केलं होतं. बाई म्हणाली, "ठेकेदार म्हणते, मॅडमनं पैसेच नाही दिले, तं तुमाले कुठून देऊ?" मी मोबाइलवर तिन्ही हप्त्यांच्या पावत्या दाखवल्या. तिने नवऱ्याकडे पाहिलं, आणि मग तोच सांगू लागला. मलबा काढलाच नव्हता. "वरून माती पांगवा अन् कार्पेट टाका, असं सांगे. पाइप टाकाची नाली तं खोदलीच नाही." त्याने सब्बल (पहार) घेतली आणि लॉनच्या मधोमध मारली. दोन-तीन इंचांवर खण्ण आवाज आला. खाली विटांचे तुकडे, टाइल्सच्या कपच्या, घट्ट झालेलं सिमेंट. अशा थरावर गवताचं मूळ जाणार कुठे? आधीच आपली काळी माती अल्कधर्मी, त्यात सिमेंटचा चुना. कितीही पाणी दिलं असतं तरी ते जगलं नसतं.

ज्याच्या श्रमावर ठेकेदाराने आमच्याकडून पैसे उचलले, त्याचीही मजुरी बुडवली आणि वर आमचंच नाव पुढे केलं. तुमच्याकडे काम चालू असेल तर मजुरांशी बोला. त्यांना रोजची मजुरी मिळते का, मुकादम काय सांगतो, हे विचारा. त्यांचे पैसे थकले असतील तर तुमचंही काम थकणार आहे, आणि ते त्यांना तुमच्या आधी कळलेलं असतं.

जूनमध्ये पाऊस आला आणि उरलंसुरलं उघडं पडलं. काळी चिकण माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यावर पेव्हर बसवायचे तर ती खणून काढून मुरूम भरावा लागतो, दाबावा लागतो, वर गिट्टी आणि चुरी (दगडाचा बारीक चुरा). आमच्या वाटेवर नुसती चुरी पसरून ब्लॉक मांडले होते. काही ब्लॉक वर आले, गाडीच्या चाकाखालचे खचले. निचऱ्याचा पाइप नसल्याने लॉनच्या जागी तळं झालं आणि पाणी पोर्चच्या पायरीला लागलं. ठिबकच्या नळ्या झाडांच्या बुडाशी दिसत होत्या, पण कुठल्याच टाकीला जोडलेल्या नव्हत्या, फिल्टरही नव्हता. शेवटी इलेक्ट्रिशियनने भिंतीवरची टायमरची पेटी काढली. मागे एकही वायर नव्हती. दोन स्क्रूंवर लटकवलेलं रिकामं खोकं.

त्यानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं. अंदाजपत्रकावरचा जीएसटी क्रमांक आम्ही सरकारी पोर्टलवर टाकून पाहिला तर नोंदणी रद्द झालेली, तीही आम्हाला अंदाजपत्रक देण्याच्या आधीच. म्हणजे कराच्या नावाने घेतलेले पैसेही खिशात. हा क्रमांक १५ अंकाक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, आणि कोणालाही तो मोबाइलवर दोन मिनिटांत फुकट तपासता येतो. सही करण्याआधी तपासा.

पोलिसांत अर्ज दिला. व्यवहारातला वाद आहे, दिवाणी मार्गाने जा, असं सांगितलं गेलं. पोच घेऊन ठेवली. मग ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगात तक्रार केली. हे आपल्याला वाटतं तितकं अवघड नाही. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, ठेकेदाराचं ऑफिस कुठेही असो. मोबदला, म्हणजे ठेकेदाराला दिलेले पैसे, ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत मात्र २ वर्षांची, आणि 'करून देतो न' ऐकत बसण्यात ती सहज निघून जाते. सुरुवातीला सल्ला हवा असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

पुराव्याचं सांगते. नवं काम सुरू करण्याआधी जुनं होतं तसं राहू द्या आणि तज्ज्ञाकडून पाहणी करून घ्या. आम्ही आर्किटेक्टकडून लेखी अहवाल घेतला: ठिकठिकाणी खोदून मातीची जाडी, पेव्हरखालचे थर, न जोडलेल्या नळ्या, सगळं मापांसह. फक्त मेलेल्या झाडांचे फोटो असते तर त्याने पुन्हा पाण्याचंच तुणतुणं लावलं असतं. व्हॉट्सअॅपवरचं संभाषण पुसू नका. ते पुरावा म्हणून द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. पैसे रोख न देता खात्यातून गेले होते, त्याचाही आम्हाला आता उपयोग होतो आहे.

आयोगाची नोटीस त्याला मिळाली आहे, तारखा चालू आहेत. दरम्यान ओळखीच्या एका बाईंनी मला एक जाहिरात पाठवली. संस्थेचं नाव नवं, नंबर नवा, आणि फोटो आमच्या अंगणाचा, ट्रक आला त्याच आठवड्यातला. तुम्हाला कोणी असे फोटो दाखवले तर त्या घराचा पत्ता मागा आणि एक पावसाळा उलटून गेलेल्या बागेवर स्वतः जाऊन उभे राहा. पत्ता देत नसेल तर काम देऊ नका.

आम्ही आता काम पुन्हा करून घेतो आहोत, यावेळी एका साध्या माळीदादांकडून. सब्बल मारणारे ते नवरा-बायकोही कामावर आहेत, रोजच्या रोज मजुरी घेऊन. कागद दोन पानांचा आहे आणि हप्ते खालून वर जातात: मलबा निघून खड्डा मोजला की पहिला, निचऱ्याच्या पाइपातून बादलीभर पाणी वाहून दाखवलं की दुसरा, मुरूम दाबून झाला की तिसरा, ओल्या मातीत सळई नऊ इंच गेली की चौथा. झाडांचे पैसे सगळ्यात शेवटी, आणि त्यातलेही निम्मे दिवाळीनंतर, झाडं जगली तर. माळीदादांनी कागद वाचला आणि एवढंच म्हणाले, "बरोबर आहे, ताई. असंच पाहिजे." आगाऊ म्हणून त्यांनी फक्त मलबा उचलण्याच्या ट्रॉलीचं भाडं मागितलं.