झुरळांसाठी काय घ्यावं: खडू, स्प्रे, बोरिकच्या गोळ्या की जेल?

दुकानात जाण्याआधी एक काम करा. रात्री अकराच्या सुमारास स्वयंपाकघरातला दिवा एकदम लावा आणि काय पळतंय ते नीट बघा.

दीड इंचाचं, तांबूस झुरळ असेल तर ते बहुतेक मोरीतून वर आलेलं असतं. त्याच्यासाठी औषधाआधी नहाणीला झुरळाची जाळी बसवा, सिंकच्या पाइपभोवतीची फट पांढऱ्या सिमेंटने बुजवा. बऱ्याच घरांत एवढ्यानेच काम होतं.

अर्ध्या इंचाची, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळ्या रेघा असलेली दिसली तर मात्र ती जर्मन झुरळं. त्यांचा संसार तुमच्या घरातच आहे, आणि खरा प्रश्न त्यांचाच आहे.

खडू सगळ्यांत स्वस्त. रेघेवरून गेलेलं झुरळ मरतं, पण फटीत बसलेल्यांना त्याचा काही त्रास नाही. शिवाय ते विष उघड्यावर राहतं. बहिणीकडे तिची रांगणारी मुलगी ओट्याखालून बाहेर आली तेव्हा तिची बोटं पांढरी होती. लगेच साबणाने हात धुतले, काही झालं नाही. पण त्या दिवसापासून मी खडू कुणालाच सुचवत नाही.

स्प्रेचं समाधान तात्पुरतं. समोरचं झुरळ उलटं पडतं, बाकीची आणखी आत सरकतात. मादी अंड्यांची पिशवी शेवटपर्यंत अंगाला चिकटवून फिरते, एका पिशवीत 30 ते 40 अंडी असतात, आणि त्या कवचाच्या आत फवारा पोचत नाही. गॅस चालू असताना तर स्प्रे मारूच नका, तो पेट घेतो.

बोरिक पावडर, कणीक, साखर, थोडं दूध. या गोळ्या आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आल्यात आणि त्या खरंच काम करतात, फक्त सावकाश. पावसाळ्यात त्यांना बुरशी येते. त्या पेढ्यासारख्या दिसतात, म्हणून घरात लहान मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर नकोच.

माझं मत जेलला, म्हणजे विष घातलेल्या गोड आमिषाला. झुरळ ते खातं, फटीत परततं आणि तिथे मरतं. बाकीची त्याची विष्ठा आणि मेलेलं झुरळ खातात, त्यामुळे विष आतपर्यंत जातं. एकच मोठा गोळा लावू नका. मसुराच्या दाण्याएवढे खूप ठिपके द्या: ट्रॉलीच्या बिजागरीपाशी, शेगडीखाली, मिक्सरच्या मागे आणि फ्रिजच्या कॉम्प्रेसरजवळ. ही शेवटची ऊबदार जागा त्यांना फार आवडते. जेल लावल्यावर तिथे स्प्रे किंवा फिनाइल वापरलंत तर झुरळं जेलकडे फिरकणार नाहीत. लोकांचं जेल फुकट जातं ते बहुतेक इथेच. पंधरा दिवसांनी पुन्हा लावा, कारण तोवर नवी पिल्लं बाहेर आलेली असतात. तरीही फरक पडला नाही तर औषध बदला: आधीच्यात फिप्रोनिल असेल तर इमिडाक्लोप्रिडचं घ्या. काही ठिकाणची झुरळं जेलमधल्या गोडालाच तोंड लावेनाशी झाली आहेत.

पेस्ट कंट्रोलवाले घरात बहुधा हेच जेल लावतात. एकट्या फ्लॅटसाठी मी तो खर्च करणार नाही. पण सोसायटीत डक्ट आणि ड्रेनेज सामाईक असतं, तेव्हा सगळ्या मजल्यांनी एकाच दिवशी बोलावलं तर पैसे वसूल होतात. औषधाचं नाव विचारा, डब्यावरचा त्रिकोण बघा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकावर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे. कुणी ते घेऊन आलं तर दारातूनच परत पाठवा.

आणि किराण्याचे पुठ्ठ्याचे खोके माळ्यावर साठवू नका. जर्मन झुरळं घरात येतात ती बऱ्याचदा त्यांच्याच घड्यांमध्ये बसून.