दारात येणारं पुस्तक की कोपऱ्यावरचं वाचनालय?

घरपोच पुस्तकं देणाऱ्या लायब्रऱ्यांचं मोठ्या शहरांत आता नवल राहिलेलं नाही. ॲपवर किंवा व्हॉट्सॲपवर यादी द्यायची, ठरल्या वारी माणूस येतो, वाचलेली पुस्तकं घेऊन जातो आणि नवी देतो. दुसरीकडे बहुतेक जुन्या वस्तीत एखादं शासनमान्य सार्वजनिक वाचनालय असतंच. पाटीचा रंग उडालेला, पायऱ्यांवर चपलांचा ढीग. घरात वाचणारी माणसं आहेत आणि दोहोंपैकी एकीकडेच पैसे भरायचे आहेत, तर कुठे भरावेत? मी दोन्ही वापरून पाहिली, काही काळ तर एकदमच. आता एकच चालू आहे. त्या निर्णयात माझा भाग, माझ्या कामाच्या वेळा आणि माझी आई या तिघांचा हात आहे, तेवढं धरून पुढचं वाचा.

पैशाचं आधी उरकतो. वाचनालयाची वर्गणी अजूनही संकोच वाटावा इतकी कमी आहे. एका जाड कादंबरीच्या किमतीत माझे कित्येक महिने निघतात. घरपोच सेवा त्याच्या काही पट पडते. पण तो माणूस पेट्रोल जाळून दारात येतो, त्यामुळे त्याला महाग म्हणणं मला तरी पटत नाही. अनामत दोन्हीकडे भरावी लागते. निव्वळ पैशांवर ठरवायचं असेल तर प्रश्न इथेच सुटला.

नव्या पुस्तकांच्या बाबतीत घरपोचवाले सरळ पुढे आहेत. गाजणारी इंग्रजी पुस्तकं तर त्यांच्याकडे लगेच दिसतात, आणि चर्चेतलं मराठी पुस्तकही फार वाट पाहायला लावत नाही. कोणती पुस्तकं फिरतात हे त्यांना रोज कळतं, त्यामुळे अशा पुस्तकाच्या चार प्रती घ्यायलाही ते कचरत नाहीत. वाचनालयात नवं पुस्तक येतं ते खरेदी झाल्यावर, दाखलांक पडल्यावर, शिक्के बसल्यावर आणि बहुधा कार्यकारी मंडळातल्या कोणीतरी आधी वाचून संपवल्यावर.

यात वाचनालयाचा आळस किती आणि नाइलाज किती, हेही पाहायला हवं. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७चा. कर्नाटकात किंवा तमिळनाडूत मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर घेतात, तसा उपकर आपल्या कायद्यात नाही. आपल्याकडची बहुतेक वाचनालयं गावातल्या लोकांनी काढलेल्या संस्था आहेत. सरकार त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग देतं आणि वर्गाप्रमाणे अनुदान देतं. ड वर्गाचं अनुदान बरीच वर्षं ३० हजार रुपये होतं. महिन्याला नव्हे, वर्षाला. पुढे सगळ्याच वर्गांना ६० टक्के वाढ मिळाली, तेव्हा ते ४८ हजारांवर गेलं. त्यात सेवकाचं मानधन, वर्तमानपत्रं, विजेचं बिल आणि पुस्तकंही. तुमच्या भागातलं वाचनालय अ किंवा ब वर्गातलं असेल तर परिस्थिती बरी असते, पण खरेदी तिथेही हात राखूनच होते. तेव्हा दर महिन्याला ताजं पुस्तक हवं असणाऱ्याने वाचनालयावर रुसू नये आणि त्यावर अवलंबूनही राहू नये.

वेळांचं म्हणाल तर वाचनालय नोकरदाराची परीक्षाच पाहतं. आमचं सकाळी उघडतं, दुपारभर बंद असतं आणि संध्याकाळी पुन्हा उघडतं. देवघेव बंद व्हायची वेळ पाटीवर एक असते आणि काउंटरवर तिच्याआधी थोडी. साप्ताहिक सुट्टी नेमकी कोणत्या वारी, हे प्रत्येक नव्या सभासदाला बंद दारासमोर उभं राहूनच कळतं. पण घरपोचला ही अडचण नाही असंही म्हणवत नाही. माणूस येणार त्या वेळी घरात कोणीतरी लागतं. मी मीटिंगमध्ये असताना ‘सर, खाली गेटवर आहे’ असा फोन आला की पुस्तकं वॉचमनकडे राहायची. मग परत द्यायची पुस्तकं त्याच्यापर्यंत पोचायची नाहीत आणि पुढच्या खेपेचा हिशेब बिघडायचा. दोन्हीकडे वेळ पाळावी लागते, फरक इतकाच की एकीकडे तुम्ही जाता आणि दुसरीकडे थांबता.

माझा निर्णय मात्र यातल्या कशाने झाला नाही. तो झाला यादीने.

घरपोच लायब्ररीला यादी लागते. एकच नाव दिलं तर उत्तर येतं ‘सध्या बाहेर आहे’, म्हणून नावं जास्त द्यावी लागतात, आणि येतं बहुधा त्यातलं सर्वांत खाली लिहिलेलं. पहिले काही महिने मला हे सुखाचं वाटलं, कारण वाचायची राहून गेलेली नावं डोक्यात साठली होती. ती संपली आणि कटकट सुरू झाली. ठरल्या वाराच्या आदल्या रात्री जेवताना आठवायचं की यादी दिलेली नाही. मग एका हाताने फोनवर मुखपृष्ठं सरकवा, रविवारच्या पुरवण्यांतली परीक्षणं आठवा, मित्राला विचारा. रात्री दहाला घाईत निवडलेलं पुस्तक कोणतं असणार? ज्याचं नाव सगळीकडे ऐकू येतं तेच. पुढे कधीतरी मी ॲपमधली मागची नोंद उघडून पाहिली. सगळी पुस्तकं चांगली होती. पण त्यात एकही नाव असं नव्हतं जे मला आधी ठाऊक नव्हतं. काय वाचायचं हे माहीत असलेल्या माणसासाठीच ती सेवा आहे, आणि मला ते निम्म्या वेळा माहीत नसतं.

आईचं तर निराळंच. ती पुष्कळ वाचते, पण तिला नावं लक्षात राहत नाहीत. तिची मागणी अशी असते: ‘मागे आणलं होतंस ना, कोकणातल्या त्या वाड्याचं, तसलं आण. पण रडकं नको. आणि अक्षर बारीक नको.’ हे शोधायच्या चौकटीत कसं लिहिणार? वाचनालयात काउंटरवर बसणाऱ्या बाईंना हेच जसंच्या तसं सांगितलं तर त्या उठतात, मधल्या कपाटाकडे जातात, दोन पुस्तकं काढतात, त्यातलं एक स्वतःच परत ठेवतात आणि म्हणतात, ‘हे न्या. काकूंनी हे वाचलेलं नाही.’ नोंद न बघता. कधी त्यांचा अंदाज चुकतो, पण तेव्हाही आई पुस्तकावर चिडते, माझ्यावर नाही, हा माझा फायदा. काही लहान घरपोच लायब्रऱ्यांचे मालक फोनवरून असंच सुचवतात असं ऐकून आहे. तुम्हाला तसा मालक मिळाला तर माझं निम्मं म्हणणं बाद समजा.

उरलेलं निम्मं कपाटांचं आहे. ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या कोणालाही विचारा, तो या शास्त्राचे भारतातले जनक एस. आर. रंगनाथन यांची १९३१ सालची पाच सूत्रं म्हणून दाखवेल. त्यातलं चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे आणि त्यात घरपोचवाल्यांना पैकीच्या पैकी गुण द्यावेत. पण तिसरं म्हणतं की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळायला हवा, आणि त्यासाठी वाचकाला कपाटांपर्यंत मोकळं जाऊ द्या असा रंगनाथनांचाच आग्रह होता. मला हे पटायला शास्त्राची गरज पडली नाही. मी प्रवासवर्णन शोधायला जातो आणि कोणीतरी चुकीच्या जागी खोचलेलं एखाद्या निवृत्त वनाधिकाऱ्याचं आत्मचरित्र घेऊन येतो. ते कधीच गाजलेलं नसतं, कुठल्याही यादीत आलेलं नसतं. मागच्या पानावरच्या तारखांचे शिक्के पाहिले तर माझ्याआधीचा वाचक कित्येक वर्षांपूर्वीचा. घाईत सरकवलेल्या मुखपृष्ठांत असलं पुस्तक माझ्यापर्यंत आलंच नसतं.

इथे एक सावधगिरी. सगळीच सार्वजनिक वाचनालयं सभासदाला कपाटांपर्यंत जाऊ देत नाहीत. काही ठिकाणी अजून खिडकीतून चिठ्ठी द्यायची आणि आतून पुस्तक येईपर्यंत बाकावर बसायचं अशी पद्धत आहे. तसं असेल तर ती माझी यादीच झाली, फक्त कागदावरची; मग घरी बसून यादी दिलेली काय वाईट?

जुनी पुस्तकं हवी असतील तर मात्र तुलना फारशी उरत नाही. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५०चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. अशा ठिकाणी पुन्हा छापली न गेलेली पुस्तकं आणि जुन्या मासिकांचे बांधीव खंड मिळण्याची आशा धरता येते. घरपोचवाल्याला न फिरणारं पुस्तक जागेच्या भाड्यापायी ठेवणं परवडत नाही, आणि त्यात त्याला दोष नाही.

वाचनालयाचा दुसरा भाग म्हणजे ती खोली. पुस्तक बदलणाऱ्याला तिचा थेट उपयोग नसतो, तरी ठरवताना ती मोजावी असं मला वाटतं. आमच्याकडे मोफत वाचनकक्षात सकाळी निवृत्त मंडळींमध्ये पेपरच्या पानांची वाटणी होते. शब्दकोडं कोणी आधीच भरलं तर दिवसभर तपास चालतो. मागच्या अर्ध्या भागात अभ्यासिका आहे. तिथे एमपीएससीची, पोलीस भरतीची मुलं-मुली डबा घेऊन येतात आणि दिवे मालवेपर्यंत बसतात. जुने सभासद कुरकुरतात की ही मुलं एकही कादंबरी नेत नाहीत, नुसती वीज जाळतात. कुरकुर खोटी नाही; पण एका खोलीच्या घरात टीव्ही, पाहुणे आणि धाकटी भावंडं असताना ती मुलं जाणार कुठे? अभ्यासिकेच्या शुल्कातून पुस्तकखरेदीला हातभार लागतो हेही कुरकुरणाऱ्यांना माहीत असतं. एकाच गोष्टीची भीती मला वाटते: काही ठिकाणी अभ्यासिका वाढता वाढता कपाटं गच्चीवरच्या खोलीत गेली आहेत. असं वाचनालय तुमच्या वाट्याला आलं तर घरपोच सेवा खुशाल घ्या.

दिवाळी अंकांची योजना दोन्हीकडे असते. वेगळी वर्गणी भरा आणि पुढचे काही महिने अंक बदलत राहा. १९०९च्या ‘मनोरंजन’ मासिकाच्या दिवाळी अंकापासून चालत आलेली ही चैन घरपोच घेता येते, पण अंक न चाळता निवडणं मला जमत नाही. अनुक्रमणिका पाहिल्याशिवाय कुठला अंक घरी न्यावा हे कसं ठरवायचं? शिवाय नोव्हेंबरमध्ये वाचनालयातल्या अंकांच्या टेबलाभोवती जे लोक भेटतात, ते एरवी भेटत नाहीत.

आणखी एक. वाचनालयाच्या सभासदाला वार्षिक सर्वसाधारण सभेत उभं राहून विचारता येतं की यंदा बालविभागाला किती रुपये गेले. उत्तर समाधानकारक मिळेल असं नाही. एकदा तर आमच्याकडे पंख्यांवरच सभा संपली. ॲपमध्ये तक्रार नोंदवायची सोय आहे आणि तिचं उत्तर लवकरही येतं, पण तिथे धोरण ठरवण्यात माझा काही संबंध नसतो.

वाचनालयाची पुस्तकं मळलेली असतात, हे खरं. कोणी पेन्सिलीने शुद्धलेखन सुधारलेलं असतं, कोणी समासात लेखकाशी भांडलेलं असतं. रहस्यकथेच्या पहिल्याच प्रकरणात एका पात्राच्या नावाखाली ‘हाच तो’ असं लिहून ठेवणारा आमच्याच भागात राहतो आणि तो अजून सापडलेला नाही. स्वच्छ प्रत हा तुमच्यासाठी महत्त्वाचा मुद्दा असेल तर घरपोचकडे झुका.

घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, तान्हं बाळ असेल, पाळीची नोकरी असेल किंवा वाचनालय लिफ्ट नसलेल्या इमारतीत वर असेल, तर मी सांगितलेलं सगळं बाजूला ठेवा आणि घरपोच सेवा घ्या. शहराबाहेरच्या मोठ्या संकुलात राहत असाल, जिथे वाचनालयच नाही, तर तिसरी वाटही आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या मदतीने विनायक रानडे यांनी २००९ साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. त्यात पुस्तकांची पेटी एका गटाकडे काही काळ राहते आणि मग गट आपसात पेट्या बदलतात. ही पेटी परदेशातल्या मराठी घरांपर्यंतही पोचली आहे. त्यात यादी नसते. पेटीत जे असेल ते वाचायचं, त्यामुळे माझी या वाटेकडेही ओढ आहे.

बाकी कोणी पायी जाण्याच्या अंतरावर राहत असेल, तर मी आधी वाचनालयाकडे बोट दाखवीन. पैसे भरण्यापूर्वी संध्याकाळी गर्दीच्या वेळी एक चक्कर मारा. कपाटांपर्यंत जाऊ देतात का ते पाहा. गेल्या काही महिन्यांत आलेल्या पुस्तकांची यादी फलकावर आहे का, आणि असली तर तिच्यावरची तारीख कोणत्या सालची आहे, तेही वाचा. काउंटरवरच्या माणसाला एखादं पुस्तक नाव न घेता नुसतं वर्णन करून मागा. तो संगणकाकडे वळतो की कपाटाकडे, यावरून बराच अंदाज येतो. पहिल्यांदा सहा महिन्यांचीच वर्गणी भरा. आणि अनामतीची पावती जपून ठेवा, परत मागायला गेलात की पहिल्यांदा तीच विचारतात.