पत्र्याखालचा यूपीएस आणि दोन सीलबंद बॅटऱ्या: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

सोलापूरच्या पूर्व भागातील आमच्या घराच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली आहे आणि तिथे मी टॉवेल व चादरींची जॅकार्ड (म्हणजे मागावर विणतानाच उमटणारी) डिझाइने संगणकावर तयार करतो. वीज गेल्यावर संगणक काही मिनिटे चालू राहावा म्हणून त्याला १ केव्हीए क्षमतेचा यूपीएस जोडलेला असून त्याच्या पोटात १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरच्या (हे साठवणक्षमतेचे माप) दोन सीलबंद शिसे-आम्ल बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीला पुढे दुसरी जोडून, बसवलेल्या आहेत. गेल्या वर्षी मे महिन्यात भर दुपारी वीज गेली, यूपीएसने एकच लांब आवाज दिला आणि चादरीच्या काठाचे तीन तासांचे काम पडद्यासकट नाहीसे झाले. त्या बॅटऱ्यांना तेव्हा जेमतेम दीड वर्ष झाले होते. त्यानंतर बदललेल्या जोडीला आता चौदा महिने पूर्ण झाले आहेत.

यूपीएसचा प्लग काढून, चार स्क्रू सोडून पत्र्याचे झाकण उचलले, तर आतल्या बॅटऱ्या जागच्या हलेनात. दोन्हींच्या कडा फुगून खोक्याच्या भिंतींना इतक्या घट्ट चिकटल्या होत्या की कप्प्याचा पत्रा पक्कडीने वाकवल्याशिवाय त्या बाहेर आल्या नाहीत. व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर लावल्यावर एक १२.७ व्होल्ट दाखवत होती आणि दुसरी १०.६. बारा व्होल्टच्या बॅटरीत दोन-दोन व्होल्टचे सहा सेल असतात, त्यामुळे दोन व्होल्टची ही तूट म्हणजे एक सेल आतून शॉर्ट झाल्याची जवळजवळ खात्रीची खूण होती.

ओळखीच्या मेकॅनिकने सांगितले, "मालक, एकच बदला, दुसरी अजून वर्षभर ओढेल." हा सल्ला पाचशे-हजार रुपये वाचवणारा वाटतो, परंतु तो चुकीचा आहे. यूपीएसचा चार्जर सिरीजमधल्या दोन बॅटऱ्यांना मिळून २७.३ व्होल्टच्या आसपास विद्युतदाब देतो आणि तो बारा सेलमध्ये वाटला जातो. एक सेल मेला की तोच दाब अकरा सेलवर येतो आणि ज्या धडधाकट बॅटरीला १३.६५ व्होल्ट मिळायला हवेत तिला रात्रंदिवस १४.९ व्होल्ट मिळू लागतात. माझी १२.७ दाखवणारी बॅटरीही फुगली होती ती याच कारणाने: तिच्यातील पाणी उष्णतेने झडपेवाटे निघून गेले होते. 'सीलबंद' या शब्दाने फसू नये. या बॅटरीला झडप असते, काचतंतूंच्या पातळ गादीत आम्ल शोषलेले असते, आणि आतल्या वायूचा दाब वाढला की वायू बाहेर पडतो, तो परत येत नाही. वरची पट्टी उचकटून सिरिंजने डिस्टिल्ड वॉटर भरण्याचा उद्योग मी एका जुन्या बॅटरीवर करून पाहिला. तीन आठवडे ती चालली आणि मग पहिल्यापेक्षा वाईट झाली.

नवी जोडी घेताना दोनदा ठेच लागली. पहिली जोडी मी ऑनलाइन मागवली, किंमत मोहात पाडणारी होती. पार्सल हातात घेताच ते हलके वाटले म्हणून शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर जुनी आणि नवी बॅटरी आळीपाळीने ठेवली. जुनी २ किलो २८० ग्रॅम भरली आणि नवी १ किलो ६४० ग्रॅम. दोन्हींवर '१२ व्होल्ट ७ अँपिअर-अवर' हेच छापलेले होते आणि आकारही तोच, १५१ बाय ६५ मिलिमीटर. या बॅटरीत क्षमता म्हणजे शिसे आणि शिसे म्हणजे वजन, त्यामुळे सव्वादोन किलोच्या ठिकाणी दीड-पावणेदोन किलो भरणारी बॅटरी तेवढी वीज देऊ शकत नाही. चाचणीत तिने नऊ मिनिटे दिली आणि मी ती परत पाठवली.

नंतर नवी पेठेतल्या एका दुकानात गेलो. एक्साइड, अमरॉन अशा माहितीच्या कंपन्या हा आकार बनवतात, त्यातलीच एक मागितली. कोणती ते मुद्दाम लिहीत नाही, कारण तीच बॅटरी मी पत्र्याखाली ठेवली असती तर या लेखाचा सूर वेगळा झाला असता. दुकानदाराने खोक्यातून काढलेल्या दोन्ही बॅटऱ्या मीटरवर १२.३ व्होल्टच्या घरात होत्या आणि त्यांच्यावर उत्पादनाचा जो संकेत छापला होता तो सतरा महिन्यांपूर्वीचा होता. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.८ ते १३ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे ती अर्धी रिकामी झालेली असते. शिसे-आम्ल बॅटरी कपाटात पडूनही दरमहा थोडीथोडी उतरते, उन्हाळ्यात जास्त, आणि अर्धवट उतरलेल्या अवस्थेत महिनोन्महिने राहिली तर प्लेटवर शिशाच्या सल्फेटचे कडक स्फटिक जमतात, जे चार्जिंगने पुरते विरघळत नाहीत. "चार्ज केली की होईल बरोबर," हे दुकानदाराचे म्हणणे मी मान्य केले नाही. चार दिवस थांबून ताज्या मालातील जोडी घेतली. तिचे आकडे १२.९२ आणि १२.९४ होते आणि त्या दोघींतील फरक इतका कमी असणे हे मला कंपनीच्या नावापेक्षा महत्त्वाचे वाटते.

जोडताना आणखी एक चूक झाली, ती माझीच. या बॅटऱ्यांची टर्मिनले, म्हणजे वायर जोडायच्या पट्ट्या, दोन रुंदींत मिळतात, ४.८ मिलिमीटर आणि ६.३५ मिलिमीटर. माझ्या यूपीएसच्या वायरींचे क्लिप रुंद टर्मिनलचे होते आणि मी आणलेली बॅटरी अरुंद टर्मिनलची. क्लिप पक्कडीने दाबून बसवले आणि काम झाले असे समजलो. पंधरा दिवसांनी खोलीत जळका वास येऊ लागला, तेव्हा उघडून पाहिले तर एका क्लिपवरचे प्लास्टिकचे टोपण तपकिरी पडले होते. ढिल्या जोडातून आठ-दहा अँपिअर वाहिले की तो जोड तापतो, हे पुस्तकात वाचले होते, नाकाने कळायला पंधरा दिवस लागले. योग्य मापाचे चार क्लिप वीस रुपयांत मिळाले.

आता उष्णतेविषयी, कारण माझ्या मते सोलापुरात या बॅटरीचे आयुष्य त्यावरच ठरते. या बॅटऱ्यांचे कागदावरचे आयुष्य २५ अंशांवर मोजलेले असते आणि तापमान साधारण दहा अंशांनी वाढले की ते निम्म्यावर येते. शिवाय १३.६५ व्होल्ट हा दाबही २५ अंशांसाठीच योग्य असतो. तापमान वाढत जाईल तसा तो दर अंशाला सुमारे २० मिलिव्होल्टने कमी करायला हवा, म्हणजे ४० अंशांना १३.३५ च्या आसपास. घरगुती यूपीएसचा स्वस्त चार्जर ही काळजी सहसा घेत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेरचाच पारा ४२-४४ अंशांवर जातो, आणि माझ्या पत्र्याच्या खोलीत यूपीएसशेजारी ठेवलेल्या थर्मामीटरने दुपारी तीन वाजता ४६ दाखवले. खोक्याच्या आत त्याहून चार-पाच अंश अधिक असणार. म्हणून मी इलेक्ट्रिशियनकडून जिन्याखालच्या कपाटापर्यंत वायर ओढून यूपीएस खाली हलवला, कपाटाच्या दाराला जाळी लावली आणि खोके भिंतीपासून वीतभर दूर ठेवले. तिथे त्याच तासाला ३६ अंश असतात. वायर आणि मजुरी मिळून जेवढा खर्च आला तेवढ्यात बॅटरीची आणखी एक जोडी आली असती, हे मान्य करतो.

या बदलाचा एक त्रास मला आधी सुचला नव्हता. यूपीएस जिन्याखाली ओरडतो आणि मी वर पंख्याच्या आवाजात काहीच ऐकत नाही, त्यामुळे वीज गेल्याचे समजत नाही. पहिल्या दोन वेळा आई खालून हाक मारायची तेव्हा कळले. आता टेबलाजवळ थेट विजेच्या सॉकेटवर एक छोटा लाल दिवा लावला आहे. तो विझला की काम सेव्ह करायचे.

चाचणीसाठी मी संगणक वापरत नाही, त्याचा भार सतत बदलतो. अडगळीतून काढलेले १०० आणि ६० वॅटचे दोन पिवळे बल्ब यूपीएसला लावतो आणि इशाऱ्याचा आवाज जलद होताच थांबवतो, कारण बॅटरी पूर्ण रिकामी करणे हे तिच्या आयुष्यावर उठण्यासारखे आहे. बसवल्यावर पहिल्या आठवड्यात २९ मिनिटे मिळाली, दिवाळीआधी २८, मार्चमध्ये २७, आणि उन्हाळा संपल्यावर २४. ७ अँपिअर-अवर हा आकडा वीस तासांत सावकाश उतरवल्यावर मिळणारा असतो, म्हणजे ३५० मिलिअँपिअरने. आठ अँपिअर ओढल्यावर त्यातले जेमतेम चार अँपिअर-अवर हाती लागतात. त्यामुळे खोक्यावरचा आकडा पाहून मनातल्या मनात केलेला तासांचा हिशोब नेहमीच फसतो.

आईच्या खोलीतल्या इमर्जन्सी दिव्याची ६ व्होल्ट ४.५ अँपिअर-अवरची बॅटरीही याच काळात बदलली. तिथे दोष बॅटरीचा नव्हता. दिवा पूर्ण विझेपर्यंत चालू राहत होता आणि नंतर दोन-दोन दिवस तसाच पडून राहत होता. आता तो मंद होऊ लागला की आई स्वतःच बंद करते.

लिथियमच्या त्याच आकाराच्या बॅटऱ्यांबद्दल ओळखीचे लोक विचारतात. आतील संरक्षक सर्किट पूर्ण भाराचा प्रवाह सोसेल असे लेखी मिळाले तर विचार करेन, तोवर नाही.

जुन्या बॅटऱ्या गल्लीतल्या भंगारवाल्याला दिल्या नाहीत, कारण तिथे त्या हातोड्याने फोडून आम्ल गटारात ओततात हे डोळ्यांनी पाहिले आहे. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि नवी पेठेतल्या त्याच दुकानाने दोन्ही मिळून अडीचशे रुपयांना परत घेतल्या. त्या घेऊन दुकानाच्या पायऱ्या चढताना पिशवीचा बंद तुटला होता, आणि साडेचार किलो शिशाने माझ्या चपलेचा अंगठा कायमचा मोडला होता. तो अडीचशेतून वजा करावा लागला.