ट्विन ब्लॉक की हर्ब्स्ट?

वाढत्या वयातल्या मुलांचा मागे राहिलेला खालचा जबडा पुढे धरणारी ही दोन उपकरणं, दातांचे डॉक्टर देतात ती. आमच्या घरात दोन्ही वापरून झाली. मुलीला ट्विन ब्लॉक, दोन वर्षांनी मुलाला हर्ब्स्ट. दोष एकच: खालचा जबडा मागे आणि वरचे पटाशीचे दात पुढे. मुलीच्या वरच्या-खालच्या दातांत नऊ मिलिमीटर अंतर होतं, मुलाच्या आठ. हा दोन मुलांचा अनुभव आहे, तेवढ्याच वजनाने तो घ्यावा.

परिणामावरून मला निवड करता आली नसती. दोन्ही उपकरणं खालचा जबडा पुढे धरून ठेवतात. सुधारणा बरीचशी दात सरकल्यामुळे होते, थोडी जबड्याच्या वाढीतून. म्हणून तर वाढीच्या जोराचा काळ गाठायचा असतो, मुलींमध्ये जरा लवकर, मुलांमध्ये जरा उशिरा. दोघांच्याही दातांतलं अंतर शेवटी भरलं आणि पुढे दोघांनाही ब्रेसेस लागल्याच.

ट्विन ब्लॉक स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ मध्ये आणला. वर एक प्लेट, खाली एक. दोन्हींवरचे उतरते ठोकळे एकमेकांवर टेकले की तोंड मिटताना जबडा आपसूक पुढे येतो. दात घासताना काढता येतो, ही मोठी सोय. पहिला आठवडाभर मुलीचे उच्चार बोबडे झाले, लाळ सुटली, मग जीभ सरावली. तिथवर काहीच तक्रार नव्हती.

तक्रार सुरू झाली ती ‘घातलीस का?’ या प्रश्नापासून. प्लेट जवळजवळ दिवसरात्र तोंडात हवी, जमलं तर जेवतानाही. मी सकाळी विचारायचो, शाळेतून आल्यावर विचारायचो, झोपताना विचारायचो. ती वर न बघता ‘हो बाबा’ म्हणायची. मग मी तिच्या नकळत डबी उघडून प्लेटला बोट लावून बघू लागलो. ओली असेल तर आत्ताच काढली, कोरडी असेल तर सकाळपासून घातलेलीच नाही. एकदा ती कागदी रुमालात गुंडाळून ठेवलेली प्लेट कचऱ्यात गेली. दातांचे नवे ठसे, नवी प्लेट, मधले दोन आठवडे वाया. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी पट्टी लावली, तर अंतर आधीइतकंच. त्या दिवशी घरी येईपर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. बारा वर्षांच्या मुलीशी माझं रोजचं बोलणं एका प्लेटभोवती अडकलं होतं, आणि मला सर्वांत जास्त सलला तो हाच भाग. डबी तपासताना तिने मला पाहिलं होतं, हे तिने फार नंतर सांगितलं.

म्हणून मुलाची वेळ आली तेव्हा मी हर्ब्स्टकडे झुकलो. कल्पना जुनी आहे, जर्मनीच्या एमिल हर्ब्स्ट यांची, १९०९ च्या सुमाराची. मग ती मागे पडली आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस हान्स पँचर्झ यांनी पुन्हा वापरात आणली. नळीत सरकणारी दांडी दोन्ही बाजूंना, दातांवर पक्की चिकटवलेली. मुलाला काढता येत नाही, त्यामुळे मला विचारावं लागत नाही.

त्रास इथेही आहे, वेगळा. पहिले काही दिवस गालाला आतून घासून फोड आले, मेण लावावं लागलं. जोराची जांभई दिली की दांडी नळीतून सुटायची. ती पुन्हा बसवायला तो स्वतःच शिकला. स्क्रू ढिला होणं, चिकटवलेला भाग निघणं यापायी ठरलेल्या भेटींखेरीज चार वेळा जावं लागलं. दांड्यांभोवती अन्न अडकतं, घासायला वेळ लागतो. पण या सगळ्यात आम्ही दोघं एका बाजूला होतो आणि उपकरण दुसऱ्या बाजूला.

माझा कल निव्वळ माझ्या स्वभावातून आला असेल, अशी शंका मलाही होती. पण ब्रिटनमध्ये ११ ते १४ वर्षांच्या २१५ मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००३ मध्ये आले, त्यांतही हेच दिसतं: ट्विन ब्लॉकचा टप्पा ३३.६ टक्के मुलांनी पुरा केला नाही, हर्ब्स्टचा १२.९ टक्के. दात आणि जबड्यातला बदल सारखाच, लागलेला काळही सारखाच. हर्ब्स्टच्या दुरुस्तीसाठी मात्र सुमारे तीन भेटी जास्त.

तुमचं मूल सांगितलेलं मनावर घेणारं असेल, किंवा दात घासण्यात कच्चं असेल, तर ट्विन ब्लॉक कदाचित जास्त शहाणपणाचा ठरेल. दवाखाना लांब असेल तर तुटफुटीच्या फेऱ्यांचा विचार आधी करा. हर्ब्स्ट घेणार असाल तर दांडी सुटली की कुणाला कळवायचं आणि किती दिवसांत भेट मिळेल, हे बसवण्याआधी विचारून घ्या. आणि ट्विन ब्लॉक ठरला, तर किती तास घातला याची वही मुलाने स्वतः लिहावी आणि थेट डॉक्टरांना दाखवावी. तुम्ही डबी उघडू नका.