भोसरीतील कोलेटवाले : आधी माप, मग माल

जुन्या लेथसाठी कोलेट (काम किंवा हत्यार घट्ट पकडणारा, चिरा पाडलेला नळीसारखा पोलादी भाग) हवा असला की पुण्यातील बहुतेक जण आधी बोहरी आळी गाठतात. ईआर किंवा ५सी या ठरावीक मापांच्या मालिकेतील नग तेथे सहज मिळतातही. खरी अडचण शॉब्लिन, लॉर्च, डेकेल अशा जुन्या युरोपीय यंत्रांची असते, कारण त्या काळी जवळजवळ प्रत्येक कारखान्याने कोलेटचे माप आपापले ठरवले होते. अशी यंत्रे बाळगणाऱ्यांना भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहानशा गाळ्यात जाण्याचा सल्ला मी देईन, मात्र काही अटी घालून.

येथे नुसत्या फोटोवरून किंवा सांगितलेल्या नंबरवरून कोलेट देत नाहीत. माझ्या शॉब्लिन १०२ या लेथच्या कोलेटवरील अक्षरे झिजून गेली होती. मालकांनी दांडा मायक्रोमीटरने मोजला, तो २० मिलिमीटर भरला. मागच्या आट्यांवर पिच गेजची (पिच म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधील अंतर तपासणाऱ्या साधनाची) १.५ ची पाती बसेना आणि १.७५ चीही बसेना. अशा वेळी ‘दीडचेच असतील’ म्हणून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. यांनी व्हर्नियर लावून सहा आट्यांचे अंतर घेतले, ते नेमके १० मिलिमीटर आले, म्हणजे पिच १.६६६ ठरला, बाहेरचा व्यास १९.७ निघाला आणि कोलेट डब्ल्यू २० या मापाचा असल्याची खात्री पटली. दीडच्या आट्यांचा कोलेट ड्रॉबारमध्ये (कोलेट मागून ओढून आवळणाऱ्या नळीत) एखाददुसरा फेरा जाऊन अडकतो, आणि तो जोर लावून फिरवला तर कोलेटबरोबर ड्रॉबारचेही आटे जातात, हे लक्षात घेतले तर या मापनाचे मोल कळते. इंची मापाच्या यंत्रांबाबतही हीच दक्षता दिसली : ५सीचा दांडा १.२५० इंच आणि आटे १.२३८ इंच व्यासावर इंचाला २० असतात, हे त्यांना तोंडपाठ आहे, तरीही ते मोजतातच. ब्रिटिश व्हिटवर्थ आट्यांचा कोन ५५ अंश आणि अमेरिकन आट्यांचा ६० अंश असल्यामुळे इंचामागील संख्या जुळली तरी ते समाधान मानत नाहीत.

स्पिंडलची, म्हणजे कोलेट ज्यात बसतो त्या यंत्राच्या फिरत्या दंडाची, चौकशीही ते आवर्जून करतात. कोलेटला फिरू न देणारी आतील चावीची पिन तुटलेली असेल किंवा टेपरवर (निमुळत्या भागावर) बर, म्हणजे धातूची उठलेली कड, असेल, तर नवा कोलेट घेऊन काहीच साधत नाही. माझ्यासमोर एका ग्राहकाला त्यांनी विक्री न करता ‘आधी प्रशियन ब्लू लावून टेपर कोठे टेकतो ते पाहा’ (हा निळा रंग टेकण्याच्या जागा दाखवतो) असे सांगून परत पाठवले. असा दुकानदार विरळाच.

माल तीन प्रकारचा आहे. बंद पडलेल्या टूलरूममधून आलेले मूळ कोलेट सर्वांत चांगले, पण त्यांचे तोंड फाकलेले नाही ना हे स्वतः पाहून घ्यावे. मागणीनुसार बनवलेला कोलेट माझ्या स्पिंडलवर डायल गेज लावून पाहिला, तेव्हा तोंडाजवळ ०.०२ मिलिमीटर रनआऊट (फिरताना अक्षापासून होणारी डगमग) दाखवत होता. साध्या टर्निंगला हे चालेल, घड्याळाच्या कामाला मुळीच नाही. त्यापेक्षा तोंड मऊ ठेवलेला कोलेट घेऊन आपल्याच स्पिंडलवर भोक बोअर करावे. त्या मापापुरती अचूकता यंत्राच्या स्वतःच्या अक्षावर मिळते, आणि या गाळ्यातील सर्वांत शहाणी खरेदी माझ्या मते हीच आहे.

उणिवा आहेतच. बिलावर पोलादाचा प्रकार किंवा कडकपणा लिहून मिळत नाही, आणि बनवून द्यायच्या नगाची तारीख हमखास पुढे जाते. घासून तयार केलेले कोलेट एकाच डब्यात सुटे ठेवण्याची पद्धत तर अक्षम्य आहे. एकमेकांवर आपटून टेपरला टवके पडतात, म्हणून प्रत्येक नग उजेडात फिरवून मगच पैसे द्यावेत.

गुरुवारी गाळा बंद असतो. जाताना जुन्या कोलेटबरोबर ड्रॉबारही न्यावा, म्हणजे आटे तेथेच लावून पाहता येतात.