महासंग्राम की एका नायकाची मालिका?

मार्व्हल या अमेरिकी कॉमिक्स प्रकाशनाच्या २००६ मधील ‘सिव्हिल वॉर’ या महासंग्रामाची, म्हणजे अनेक नायकांच्या मालिकांमधून पसरणाऱ्या एकाच मोठ्या कथेची, मुख्य मालिका अवघ्या सात अंकांची होती, परंतु स्पायडरमॅनने जगासमोर मुखवटा उतरवल्याचे परिणाम नीट समजून घ्यायचे, तर त्याची स्वतंत्र मालिकाही वाचावी लागे. पुढे २००८ मध्ये ‘सीक्रेट इन्व्हेजन’, २०१० मध्ये ‘सीज’ आणि २०११ मध्ये ‘फिअर इटसेल्फ’ हे महासंग्राम आले. दरवेळी जगच पणाला लागू लागले की त्या संकटाची धार बोथट होते, आणि वाचक थकतो तो नेमका इथेच.

मॅट फ्रॅक्शन यांनी लिहिलेली आणि प्रामुख्याने डेव्हिड आहा यांनी चितारलेली, २०१२ मध्ये सुरू झालेली ‘हॉकआय’ ही एकाच धनुर्धर नायकाची मालिका मात्र ब्रुकलिनमधील एका इमारतीभोवती आणि तिथल्या भाडेकरूंभोवती फिरते. तिचा अकरावा अंक एका कुत्र्याच्या नजरेतून, जवळजवळ चित्रखुणांनीच सांगितलेला आहे, तर एकोणिसाव्या अंकात नायकाला ऐकू येईनासे झाल्यावर पात्रे खुणांच्या भाषेत बोलतात आणि तिचा अर्थ मुद्दाम उलगडून दिलेला नाही. असे धाडस कथानक दुसऱ्यांच्या वेळापत्रकाला बांधलेले नसतानाच शक्य होते.

अनेक नायकांना एकत्र पाहण्याचा आनंद महासंग्रामात नक्कीच आहे. तरीही नव्या वाचकाच्या हाती मी प्रथम ‘हॉकआय’चे २२ अंकच देईन.