बेळगावच्या टिळकवाडीतलं फिजिओथेरपी सेंटर : बसच्या धक्क्यानंतर दीड वर्षानं गेले, आधीच जायला पाहिजे होतं

आमच्या बसला मागून ट्रकनं ठोकलं तेव्हा दुसऱ्या दिवशी पेपरात आलेलं, आठ प्रवासी किरकोळ जखमी. त्या आठातली मी एक. खानापूर रोड, सकाळची गच्च भरलेली बस, जून २०२३ ला कर्नाटक सरकारची शक्ती योजना आल्यापासून आम्हा बायकांना तिकीट नाही ते लई चांगलं झालं पण त्या वेळेला बसायला जागा कुठली मिळतीय, मी उभी होते, उजव्या हातानं वरचा दांडा धरलेला. धडक बसली तसं अंग पुढं गेलं आणि हात मागंच राहिला. रक्त नाही, हाड मोडलं नाही, म्हणून मागनं आलेल्या बसमधनं तशीच कामाला गेले. मान धरली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, उशीवरनं डोकं उचलेना.

पहिल्यांदा जिथं दाखवलं तिथं एक्सरे काढला, नॉर्मल आला, गोळ्या आणि गळ्याचा पट्टा दिला, तो मी दीड महिना घातला. पुढं काय करायचं ते कुणी सांगितलंच नाही. माझं शिवणकाम आहे, मशीनवर अर्धा तास मान खाली घातली की मागनं डोकं ठणकायला लागायचं, दोरीवर कपडे वाळत घालायला हात वर जाईना, वेणी घालायला लेकीला हाक मारायची. आणि घरात सगळे म्हणणार, दिसायला तर बरी आहेस की! एक्सरेत काही नाही म्हणजे दुखत पण नाही असंच लोकांना वाटतं, ह्याचा त्रास मला दुखण्यापेक्षा जास्त झाला.

ह्या सेंटरमधल्या मॅडमनी पहिल्या दिवशी पाऊण तास फक्त ऐकलं आणि मोजलं. हात बाजूनं वर उचलायला लावला, १८० अंशापर्यंत जायला पाहिजे तो ९५ वर अडकला, मान उजवीकडं किती वळते ते पण बघितलं आणि सगळं कागदावर लिहून दिलं. तो कागद मी घरी नेऊन एकेकाला दाखवला. त्यांनी नीट समजावलं की मानेला असा झटका बसतो त्याला व्हिपलॅश म्हणतात, स्नायू आणि लिगामेंट ताणतात ते एक्सरेत दिसत नाही, बऱ्याच जणांचं काही आठवड्यात नाहीतर महिन्यात कमी होतं पण काहींचं वर्षानुवर्षं राहतं. पट्टा जास्त दिवस घातला की मानेचे स्नायू ढिले पडतात, आणि दुखतंय म्हणून हात हलवलाच नाही तर खांदा आखडतो, माझं दोन्ही झालेलं.

शेक आणि करंट थोडंच, सगळा भर व्यायामावर. भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची, पाठीमागं टॉवेल धरून ओढायचा, हनुवटी आत घ्यायची, घरी दिवसातनं तीनदा. पहिले पंधरा दिवस रडायला यायचं. तीन महिन्यांनी हात १५० वर गेला, वेणी आता माझी मीच घालते. मान मात्र लग्नसराईत जास्त शिवण आलं की अजून दुखते, पण पूर्णच जाईल असं त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं, म्हणून माझा विश्वास बसला.

आणि एक गोष्ट, जी मी कुणाला सांगितली नव्हती. ड्रायव्हरनं जोरात ब्रेक दाबला की माझ्या छातीत धडधडायला लागायचं, हात गार पडायचे. मॅडमनी स्वतःहून विचारलं, बसमध्ये बसताय काय? आधी लेकीला घेऊन सीबीटीपासून, म्हणजे मेन बसस्टँडपासून, एकच स्टॉप जा म्हणाल्या, मग दोन, मग एकट्या. आता खानापूरपर्यंत जाते.

कमी काय ते पण सांगते. पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, गुडघ्याच्या पेशंटनी काय करायचं? संध्याकाळी सहानंतर तासभर बसावं लागतं, दुपारची वेळ मागून घ्या. व्यायामाचा छापील कागद कन्नड आणि इंग्लिशमध्येच होता, मी म्हटलं मला मराठीत पाहिजे, तर रिसेप्शनच्या पोरीनं हातानं लिहून दिला, तो अजून फ्रिजवर चिकटवलेला आहे. छापूनच ठेवा की, येळ्ळूर-उचगावच्या कितीतरी आज्ज्या येतात तिथं.

तिथंच बसल्या बसल्या एका पेशंटकडनं कळलं की अपघाताच्या भरपाईचा अर्ज अपघात झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करायचा असतो, १ एप्रिल २०२२ पासून तसा नियम आहे. माझ्याकडं ना पोलिसांची नोंद ना दवाखान्याचं वूंड सर्टिफिकेट (मार लागल्याचा दाखला), मी तर कपडे झटकून कामाला गेलेली. तुमच्या घरात कुणाला बसमध्ये मार लागला असेल तर रक्त नसलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा, अपघात कसा झाला ते लिहून घ्या आणि पहिल्या व्हिजिटला ते सगळे कागद घेऊनच इथं जा.